तालीम सुटली, खुराक राहिला



ऊस विकास विभागाचा लेख म्हटला की लागण, बेणे, हुमणी, खोडवा हेच विषय यायचे, आणि तेच यावेत अशी आपली अपेक्षा असते. या खेपेस मात्र आम्ही उसाविषयी न लिहिता ऊस लावणाऱ्याच्या अंगाविषयी लिहीत आहोत. गटागटांतून फिरताना गेली काही वर्षे एक गोष्ट नजरेत भरते. पूर्वी बांधावर सभासद आणि त्याचा ऊस शेजारीशेजारी उभे राहिले तर जाडी उसाला असे आणि कांडे शेतकऱ्याचे लांब असत. आता पुष्कळ ठिकाणी हिशेब उलटा झाला आहे. सरीतून आडवे चालत जाताना धाप लागते, पाटाच्या चारीवरून उडी मारायची तर माणूस आधी इकडेतिकडे पाहतो, आणि मग चार पावले वळसा घालून फरशीवरून येतो.

आणि गंमत अशी की यांतले कितीतरी जण एकेकाळचे पैलवान आहेत. गावच्या जत्रेत नारळाची कुस्ती मारलेले, शंभर-दीडशे जोर सहज काढणारे. गट कार्यालयात ऊसनोंदीला आले की काम झाल्यावर हळूच विषय काढतात, "साहेब, पुन्हा तालमीत जावं म्हणतो. वीस वर्षं झाली सोडून. आता या वयात जमंल का?" हा प्रश्न आम्हाला या वर्षात इतक्या जणांनी विचारला की प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदा पत्रिकेतच लिहावे असे ठरविले. आम्ही डॉक्टर नाही, कृषी पदविकेचे माणूस आहोत. परंतु विद्यार्थीदशेत लाल माती अंगाला लावलेली आहे, मध्ये बऱ्याच वर्षांचा खंड पडला आहे, आणि मागील गळीत हंगाम संपल्यापासून पुन्हा व्यायामशाळेची पायरी चढत आहोत. तेव्हा जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि अंगावर घेतले, ते सांगतो.

आपल्या भागाला बलोपासना काही नवी नाही. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आपल्याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात, जांब येथे झाला. ज्या समर्थांनी गावोगाव मारुती बसवले आणि मारुतीसमोर तरुण पोरे जोर-बैठका काढू लागली, ते मूळचे आपल्या मातीतले. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ साली तेव्हाच्या औरंगाबादला झाली, म्हणजे मराठवाड्यातच. आणि २०१८ च्या डिसेंबरात तीच स्पर्धा जालन्यात भरली, तेव्हा बाला रफीक शेख याने अभिजित कटकेवर मात करून गदा मिळविली, हे आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्या दिवसांत आपल्या कार्यक्षेत्रातील कितीतरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या ऊस सोडून माणसे वाहत होत्या, असे आमचे स्लिपबॉय आजही हसून सांगतात. पाहायला सगळे गेले. परत येऊन किती जणांनी लंगोट लावला, हा भाग वेगळा.

साखर कारखान्यांचे आणि कुस्तीचे नातेही जुने आहे. कोल्हापूरकडे कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्याची पद्धत पाडली आणि त्यावर चांगले पैलवान तयार झाले. तिकडे खासबागसारखे मैदान राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी बांधून ठेवले, त्याचा तो परिणाम. पण तिकडे असो की इकडे, जुन्या वस्तादांच्या तोंडचे एक वाक्य सगळीकडे सारखेच ऐकू येते, की पैलवान तालमीने बिघडत नाही, तालीम सुटल्यावर बिघडतो. तालीम सुटते लग्न झाल्यावर, वाटणी झाल्यावर, विहीर खणायला घेतल्यावर. खुराक मात्र सुटत नाही. दूध, तूप, बदाम परवडेनासे होतात, पण पोटाला लागलेली मापे तशीच राहतात. चार भाकरीचा माणूस चार भाकरींवरच राहतो आणि जोर शून्यावर येतात.

आता हे एकट्या पैलवानाचे राहिले नाही. आपल्या वडिलांच्या काळी तालमीत न जाणाऱ्याचाही व्यायाम शेतातच होत होता. पहाटे तीनला मोटेवर जायचे, दिवसभर औत, संध्याकाळी वैरण डोक्यावर. जायकवाडीचे पाणी डाव्या कालव्याने आपल्याकडे आले, ऊस आला, तरी सुरुवातीला दारे धरायला रात्रभर खांद्यावर फावडे घेऊन चिखलात उभे राहावेच लागे. मग ट्रॅक्टर आला, तणनाशक आले, ठिबक आले. आज मोटार मोबाइलवरून चालू होते आणि शेतात जायला घरापासून मोटारसायकल आहे. हे सर्व व्हावे म्हणून आमच्याच विभागाने आपल्यामागे तगादा लावला होता, आणि त्याबद्दल आम्हाला यत्किंचितही खंत नाही. ठिबकने पाणी वाचते, उत्पन्न वाढते. फक्त अंगातून जे काम निघून गेले त्याची भरपाई कुठेतरी केली पाहिजे, एवढेच.

एका गोष्टीकडे लोकांचे लक्ष जात नाही, ती म्हणजे झोप. वीज रात्री मिळते म्हणून रात्रीच्या पाळीला उठणारा माणूस दिवसा अर्धवट झोपतो. झोप तुटली की भूक वाढते आणि गोड-तळलेल्याकडे हात जास्त जातो, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. चार रात्री पाणी धरून आलेल्या माणसाला पाचव्या दिवशी टपरीवर भजी का खावीशी वाटतात, याचे उत्तर त्यात आहे.

जाता जाता एक सांगितले पाहिजे. पोट सुटणे हा ज्याच्या हातात कोयता नाही त्याचा आजार आहे. आपल्याच फडात मंठा, परतूर, बीडकडून आलेली जोडपी पहाटेपासून ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात. त्यांना व्यायामशाळा सांगायला जाणे हा शहाणपणा नव्हे. त्यांना पोटभर सकस जेवण आणि विश्रांती हवी आहे. हा लेख बांधावर उभे राहून तोड मोजणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यात आमचे खातेही आले.

आकडे काय सांगतात

२०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींवर गेली आहे, आणि उच्च रक्तदाब ३१ कोटींहून अधिक लोकांना आहे. पोटाचा घेर वाढलेल्यांची संख्या तर ३५ कोटी. हा आजार बंगल्यात राहणाऱ्याचा, अशी आपल्याकडे समजूत होती. ती आता सोडून द्यावी. गटातल्या कोणत्याही मोठ्या गावातील औषधाच्या दुकानात संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहिले तरी साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या घ्यायला कोण येते ते दिसते.

वजनापेक्षाही पोटाचा घेर महत्त्वाचा धरावा, असे डॉक्टर सांगतात. आपल्या लोकांची शरीरयष्टी अशी की हातपाय बारीक दिसतात आणि चरबी पोटात साठते. म्हणून आपल्याकडे पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर, यापुढे धोका मानतात. घेर बेंबीच्या जरा वर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजायचा. पोट आत ओढून मोजले तर ते बेणे न तपासता लागण केल्यासारखे आहे, कागदावर सगळे ठीक असते.

शेजारच्या जिल्ह्यातील उदाहरण

खंड पडल्यावर पुन्हा व्यायाम धरणारा माणूस कुठवर जाऊ शकतो, यासाठी लांब पाहायला नको. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तेथील अविनाश साबळे हा मुलगा. आई-वडील वीटभट्टीवर कामाला. शाळा पाच-सहा किलोमीटरवर, वाहन नाही, म्हणून चालत-पळत जायचा. बारावी झाल्यावर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा ठिकाणी नोकरी केली. सैन्यातल्या क्रॉस-कंट्री शर्यतीत २०१५ च्या सुमारास उतरला, मग मध्यंतरी दुखापत झाली, सराव थांबला आणि वजन चांगलेच वाढले. लोकांनी याचे पळणे संपले असेच धरले होते. त्याने पुन्हा सराव धरला आणि तीन महिन्यांच्या आत सुमारे २० किलो वजन उतरवले. पुढे अमरीश कुमार या प्रशिक्षकांच्या हाताखाली ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला.

२०१८ साली भुवनेश्वरला त्याने या शर्यतीचा राष्ट्रीय विक्रम मोडला. तो विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर १९८१ पासून होता, म्हणजे आपला जालना जिल्हा अस्तित्वात आला त्याच सालचा. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बर्मिंगहॅमला त्याला रौप्यपदक मिळाले. केनियाचा धावपटू त्याच्यापुढे सेकंदाच्या केवळ ५ शतांश भागाने होता. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत सुवर्णपदक आणि ५००० मीटरमध्ये रौप्य. २०२५ साली मोनॅकोच्या शर्यतीत गुडघ्याला मोठी इजा होऊन शस्त्रक्रिया करावी लागली, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याचा प्रसंग त्याच्यावर दुसऱ्यांदा आला.

हे उदाहरण ऐकून कुणी तीन महिन्यांत २० किलो उतरवायचा संकल्प सोडू नये, म्हणून लगेच पुढचे सांगतो. तो विशीतला जवान होता, लष्करी शिस्तीत होता, दिवसभराचे कामच ते होते आणि वर प्रशिक्षकाची नजर होती. आपल्याला पंचेचाळिशी गाठलेली आहे, गुडघा कुरकुरतो, आणि दिवसातून एकदा तरी सोसायटीच्या सचिवाकडे जायचे असते. आपण महिन्याला दोन किलो उतरवले तरी ते भरपूर झाले.

अंगाचा खोडवा

व्यायाम पुन्हा सुरू करणे आणि अगदी नव्याने सुरू करणे यांत फरक आहे. तो फरक आपल्या सभासदाला चटकन कळेल, कारण तो खोडवा राखतो. लागणीच्या उसाला उगवणीपासून सगळे करावे लागते. खोडव्याला बुडखा तयार असतो, फुटवा लवकर येतो. शरीराचेही तसेच आहे. स्नायू एकदा मेहनतीने वाढवले की त्यांच्या पेशींत जादा केंद्रके तयार होतात, आणि व्यायाम सुटून स्नायू बारीक झाला तरी ती केंद्रके बराच काळ टिकून राहतात. नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली उंदरांवर हे दाखवून दिले. माणसाच्या बाबतीत अभ्यास अजून चालू आहे, परंतु जुना पैलवान नवख्यापेक्षा लवकर अंग धरतो हा तालमीतला अनुभव सर्वांचाच आहे. तेव्हा "जमंल का?" या प्रश्नाचे पहिले उत्तर, जमेल.

पण खोडव्याबद्दल आपण दुसरेही जाणतो. तयार बुडखा आहे म्हणून त्याला सोडून दिले तर उत्पन्न निम्म्यावर येते. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट न जाळता सरीत कुजवायचे, नांग्या भरायच्या, आणि खत पहारीने दोन हप्त्यांत द्यायचे, पहिला पंधरा दिवसांत, दुसरा साडेचार महिन्यांच्या आसपास. एकाच दिवशी सगळे खत ओतून कुणाचा खोडवा साधत नाही. जुना पैलवान मात्र नेमके हेच करतो. पहिल्या दिवशी तालमीत जातो, भिंतीवरचा आरसा पाहतो, बाजूला पोरे जोर काढत असतात, आणि याला वाटते आपणही शंभर काढू. मन अठरा वर्षांचे आणि गुडघा पंचेचाळीसचा, अशी त्या दिवशी फसगत होते. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, तिसऱ्या दिवशी उठता येत नाही, आणि आठवड्याने "आपल्याला काही सोसत नाही बुवा" म्हणून तालीम पुन्हा बंद.

याहून गंभीर प्रकारही घडतो, आणि तो सगळ्यांना ठाऊक असला पाहिजे. मोठ्या खंडानंतर एकाच दिवशी दोनशे-तीनशे बैठका मारल्या तर मांडीचे स्नायू इतके फाटतात की त्यांतील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडावर भार येतो. अशा वेळी मांड्या सुजून कडक होतात आणि लघवी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी, काळसर तपकिरी होते. तसे दिसले तर तेल चोळत घरी बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. योग्य वेळी सलाइन मिळाले तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

म्हणून क्रम असा धरावा. पहिले दोन आठवडे सकाळी अर्धा तास नुसते चालणे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. कालव्याचा रस्ता त्याला उत्तम. सोबतीला आठ-दहा बैठका, त्याही खुर्चीवरून उठबस केल्यासारख्या अर्ध्या, आणि जोर जमिनीवर न काढता ओट्याला हात टेकून. सूर्यनमस्कार पाचपासून सुरू करावेत. तिसऱ्या आठवड्यापासून व्यायामशाळेत वजने घ्यावीत, ती आपल्या जुन्या दिवसांच्या एक तृतीयांश. मग दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. दम लवकर परत येतो, स्नायूही लवकर भरतात, परंतु हाडांना स्नायू बांधणाऱ्या शिरा सावकाश तयार होतात. खांदा आणि गुडघा दुखावतात ते या घाईत. अंग ठणकणे दोन-तीन दिवस राहिले तर ते चालेल. सांध्यात चमक मारली तर तो व्यायाम थांबवावा.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. रोजचा अर्धा तास पाच दिवस केला की ते भरते. गळीत हंगामात तोडीच्या धांदलीत एखादा आठवडा बुडाला तर बुडू द्यावा, पण पुढच्या आठवड्यात बुडालेले भरून काढायच्या नादी लागू नये.

ज्यांचे वय चाळिशीपुढे आहे, त्यातही तंबाखू-चुना चालू आहे, किंवा बीपी-साखर आहे, त्यांनी आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, रक्तातील साखर आणि छातीची पट्टी काढून घ्यावी. व्यायाम करताना छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ, दरदरून घाम असे झाले की "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पिऊन बसू नये. आपल्या भागात या गॅसने किती माणसे नेली, त्याचा हिशेब प्रत्येक गावाजवळ आहे.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत कडू गोष्ट

आता जरा अवघड भाग. नुसत्या व्यायामाने वजन उतरत नाही, ते ताटातून उतरते. व्यायामाने दम वाढतो, साखर आणि रक्तदाब आटोक्यात येतात, आणि वजन घटताना स्नायू टिकतात. पण एक तास चांगल्या वेगाने चालून जेमतेम अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात. आता चहाचा हिशेब करू. एका कपात दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर. घरचे दोन, टपरीवरचे तीन, पाहुण्यांकडे दोन, आणि गट कार्यालयात आमच्याकडचा एक असे आठ कप झाले तर ८० ग्रॅम. एका ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणजे ३२०. तासभर चालणे चहातच वाहून गेले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशी शिफारस केली की वरून घातलेली साखर आहारातील एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत असली तर आणखी चांगले. दोन हजार कॅलरींचा आहार धरला तर हे दिवसाला ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम होतात. यात गूळही आला, मधही आला, आणि रसवंतीचा रसही आला. "मी साखर सोडली, गुळाचा चहा घेतो" असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. गुळात थोडी खनिजे जास्त असतात, पण पोटाच्या घेराला त्याने फरक पडत नाही. रसाच्या एका ग्लासात २५ ते ३० ग्रॅम साखर सहज असते. आम्ही ब्रिक्स मोजणारे माणूस आहोत, हे आमच्याकडून तरी मान्य करावे.

यावर एका सभासदाने आम्हाला गट सभेत विचारले, "साहेब, तुम्हीच साखर खाऊ नका म्हणता, मग आमच्या उसाला भाव कोण देणार?" सभेत हशा झाला, पण प्रश्न खरा होता. उत्तर असे की देशातील साखरेचा मोठा वाटा मिठाई, बिस्किटे आणि शीतपेये करणारे उद्योग उचलतात, आणि आता उसाचा एक हिस्सा इथेनॉलकडेही जातो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. सभासदाने चहात एक चमचा कमी घातला म्हणून बॉयलर विझत नाही. सभासद पन्नाशीतच अंथरुणाला खिळला तर मात्र त्याच्या शेतातला ऊस कोण लावणार, हा कारखान्यापुढचा प्रश्न आहे. सवलतीची साखर जरूर घ्यावी. पोते घरात आले म्हणून चमचा मोठा होऊ देऊ नये.

तेलाचेही तसेच. आहारतज्ज्ञ माणशी महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास तेल पुरे म्हणतात. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा सहा महिने पुरायला हवा, हे ऐकून घरच्या मंडळींनी आम्हाला वेड्यातच काढले. एक करावे, डबा फोडला की त्यावर खडूने तारीख टाकावी, खताच्या नोंदवहीसारखी. डबा कधी संपला ते पाहिले की काही बोलायची गरज उरत नाही.

जेवणात ज्वारीची भाकरी असावी, ती सावकाश पचते, भूक लवकर लागत नाही. पण भाकरीनेही वजन वाढते, जर ती चौथी असेल तर. एक भाकरी कमी करून त्या जागी मटकी, हरभरा, वरण, अंडे, ताक घ्यावे. आपल्या जिल्ह्याची मोसंबी चांगली, ती सोलून खावी, रस काढून त्यात साखर घालू नये. लग्नसराईत पंगतीतून उठता येत नाही हे आम्हाला माहीत आहे, आग्रह करणारा समोर वाटी घेऊन उभाच असतो. बुंदी एकदा घ्यावी, दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरावा. हुरड्याचेही तेच. उपास मात्र करू नये. दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाणा आणि शेंगदाण्यावर तुटून पडणारे लोक वजन घटलेले आम्ही तरी पाहिलेले नाहीत.

आमचे स्वतःचे म्हणाल, तर मार्चअखेर ९१ किलो होतो, सहा महिन्यांत ८३ वर आलो. घेर १०६ वरून ९७. म्हणजे ९० ची रेघ अजून लांबच आहे. पहिल्या महिन्यात काट्यावर काही हलले नाही, पट्टा मात्र एक भोक आत गेला होता. आखाड्यात अजून उतरलो नाही, उतरायची घाईही नाही. संध्याकाळी गावातली पोरे हौद्यातली माती खणतात तेव्हा फावडे मात्र हातात घेतो.

व्यायामशाळेचे कुलूप

शासनाच्या क्रीडा विभागाच्या अनुदानातून आपल्या भागातील अनेक गावांत व्यायामशाळा बांधल्या गेल्या, साहित्य आले. काही ठिकाणी त्या उत्तम चालतात. काही ठिकाणी कुलूप आहे, आणि खिडकीतून पाहिले तर आत ठिबकच्या नळ्यांची बंडले आणि युरियाची पोती दिसतात. गावांची नावे लिहीत नाही, ज्याची त्याला माहीत आहेत. पोती दुसरीकडे हलवून किल्ली एखाद्या होतकरू पोराकडे दिली तरी पुष्कळ होईल. तालुक्याच्या गावी आता पैसे भरून जायच्या जिम निघाल्या आहेत, त्याही चांगल्या. तेथे डब्यातल्या पावडरी आणि सुया घ्यायला कुणी सुचवले तर मात्र आपल्या पोरांना तेथून बाहेर काढावे. सुयांनी दंड फुगतो आणि हृदय, यकृत बिघडते.

भगिनींसाठी व्यायामशाळा रोज दोन तास राखून ठेवावी, अशी आमची ग्रामपंचायतींना विनंती आहे. नळ दारात आला, गिरणी आली, डोक्यावरचे ओझे उतरले हे चांगलेच झाले, पण गुडघेदुखी आणि साखर घराघरात पोचली. तोवर चौघी-पाचजणींनी मिळून पहाटे पाटाच्या रस्त्याने चालावे. हातात बॅटरी आणि काठी ठेवावी.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी व्यायाम सुरू करताना डॉक्टरांना सांगावे, कारण गोळीची मात्रा बदलावी लागते. व्यायामात एकाएकी हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर रक्तातील साखर उतरली असे समजावे आणि लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. अशा मंडळींनी साखरेची पुडी नेहमी खिशात बाळगावी. आपल्या मालाचा हा उपयोग मात्र बिनधास्त करावा.

येत्या पंधरवड्यापासून प्रत्येक गट कार्यालयात एक वजनकाटा आणि मोजपट्टी ठेवीत आहोत. ऊसनोंदीला आल्यावर वजन-घेर वहीत लिहून घ्यावा आणि दर महिन्याला पुन्हा मोजावा. कारखान्याच्या काट्याबद्दल काही सभासदांच्या मनात काय असते ते आम्ही जाणून आहोत, म्हणून काटा आधी दहा किलोच्या मापाने सर्वांसमोर तपासला जाईल. काट्यावर चपला काढून, खिशातील किल्ल्या व मोबाइल बाजूला ठेवून उभे राहावे. वजावट मिळणार नाही.